जुन्या जाहिरात पाटीची अवस्था कशी वाचावी आणि ती न बिघडवता कशी जपावी

कोल्हापुरात शाहूपुरीतली जुनी गुळाची अडत असो, लक्ष्मीपुरीतलं भुसार दुकान असो की पेठेतलं फळ्यांच्या दाराचं सायकल दुकान, इमारत उतरवायला घेतली की दाराशेजारची साबणाची, चहाची, टायरची नाहीतर पेट्रोलची पाटी भंगारात जाते. तिथून ती हौशी माणसाच्या हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला: एवढे टवके उडालेत, गंज लागलाय, घ्यावी का?

टवके मोजून याचं उत्तर मिळत नाही. टवका कुठे उडालाय, गंज अजून चालू आहे का आणि वरचा थर कारखान्यातून निघाला तोच आहे का, हे पाहावं लागतं. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मूळ थर शाबूत असलेली पाटी चार टवक्यांसकट जाणकार आनंदाने घेतो. तीच पाटी कुणी पुट्टी भरून, रंग मारून 'नवी' केली की त्याच माणसाचा उत्साह मावळतो, कारण संग्रह त्या थराचाच असतो. पत्रा काय, कुठेही मिळतो.

पाटी कशाची आहे?

इनॅमल, छापील पत्रा आणि हाताने रंगवलेली पाटी, हे तीन मुख्य प्रकार. प्रत्येकाचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं, म्हणून ओळख आधी.

इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. काचेची पूड पत्र्यावर लावून साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजतात. आधी गडद निळा किंवा काळपट अस्तराचा थर येतो. त्यात कोबाल्ट असतं आणि त्यामुळे काच लोखंडाला घट्ट धरते. त्यावर पांढरा किंवा रंगीत थर, आणि मग अक्षरांचा एकेक रंग स्टेन्सिलमधून टाकून स्वतंत्र भाजलेला. म्हणून अशा जुन्या पाटीवर नख फिरवलं की अक्षराच्या कडेला बारीक पायरी लागते. मागची बाजूही काचेने लेपलेली असते, नाहीतर भट्टीत पत्रा वाकला असता.

छापील पत्रा म्हणजे कथलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यावर, बिस्किटाच्या जुन्या डब्यावर असते तशी, शाईची छपाई. नख सपाट जातं, पाटी हलकी असते आणि हातात लवते.

हाताने रंगवलेली पाटी ऑइलपेंटची. कोल्हापूर हे चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर यांचं गाव आहे. नाटकांच्या पडद्यांपासून फलकांपर्यंत कुंचल्याची परंपरा इथे मोठी, त्यामुळे रंगाऱ्याच्या हातची दुकानपाटी पाहिली की पुढे जाऊ नका, थांबून पाहा. अशा पाट्या दर काही वर्षांनी पुन्हा रंगवल्या जायच्या, तेव्हा एकावर एक थर असणं हा दोष नाही. उडालेल्या पोपड्याखालून आधीचं नाव डोकावत असेल तर ते खरवडून पाहायचा मोह मात्र आवरा.

पुढचं बहुतेक विवेचन इनॅमलचं आहे. जास्त टिकतात त्याच पाट्या, आणि सर्वात जास्त फसवणूकही त्यांतच होते.

टवका जवळून पाहणे

गुजरीत सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पाटी उजेडात तिरकी धरा आणि एक टवका निवडा. ताज्या टवक्याची कड धारदार दिसते: बाहेर पांढऱ्या काचेची रेघ, तिच्या आत निळसर काळ्या अस्तराचा पट्टा, मधोमध करडं लोखंड. जुन्या टवक्यात हेच थर असतात, पण कडा मळाने बोथट झालेल्या आणि मधलं लोखंड तपकिरी-काळं, टणक, जवळपास गुळगुळीत. हा गंज थांबलेला आहे आणि याच्यासोबत पाटी आणखी कित्येक वर्षं सुखाने राहील.

काळजी करायची ती वेगळ्या टवक्याची. त्याच्या भोवती पांढऱ्या काचेवर तपकिरी वलय दिसतं आणि कड किंचित उचललेली वाटते. कोरडा कापूस फिरवला तर नारिंगी पूड लागते. लाकडी काडीने हलकंच दाबलं की कड हलते. म्हणजे गंज काचेखाली सरकतोय. लोखंड गंजलं की त्याला जागा जास्त लागते आणि तो वाढलेला गंज काच वर ढकलतो. आज चार आण्याएवढा दिसणारा टवका एखाद-दोन पावसाळ्यांत तळहाताएवढा होतो तो असा. अशी पाटी घ्यायची तर आतल्या नुकसानीचा हिशेब धरूनच किंमत बोला.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा एका बिंदूभोवती पसरल्या असतील तर तिथे दगड किंवा हातोडी बसली आहे. लांब समांतर भेगा असतील तर पत्रा कधीतरी वाकवून सरळ केलाय. अर्धचंद्राच्या आकाराचे बारीक टवके विखुरलेले दिसले तर मात्र तो माराचा परिणाम नसावा. पोलादात अडकलेला हायड्रोजन वायू बाहेर पडताना काच उडवतो, हा कारखान्यातला दोष आहे. विक्रेत्याला हे माहीत असेलच असं नाही.

पाटी कुठल्या गावच्या हवेत राहिली, तेही दिसतं. गगनबावडा, राधानगरी पट्ट्यातल्या पाटीच्या पाठीला आणि खालच्या कडेला गंज जास्त, कारण भिंत महिनोन्महिने ओली असते. शिरोळकडच्या कोरड्या भागातल्या पाटीचं लोखंड बरं असतं, पण उन्हापावसाने वरची तकाकी गेलेली असू शकते. इनॅमलचे रंग खनिज असल्याने उडत नाहीत, वरची चमक मरते. त्यातही लाल, नारिंगी आणि पिवळा आधी निस्तेज होतो. या छटा देणारी कॅडमियमची इनॅमलं आम्लाला कमी टिकतात. निळा नि पांढरा झगझगीत आणि लाल मात्र खडूसारखा, अशी पाटी दिसली तर ते वयाला साजेसंच आहे.

नुकसान कुठे आहे?

पाटी रस्त्यापलीकडून वाचायला केलेली असते. म्हणून पहिली नजर आठ-दहा फुटांवरून टाका. चित्र, बोधचिन्ह आणि नाव तिथून अखंड दिसत असेल तर पाटीचा जीव शाबूत आहे.

मग जवळ जा. खिळ्याच्या भोकाभोवतीचे टवके सगळ्यात कमी महत्त्वाचे. खिळा ठोकताना ते उडायचेच, उलट त्यांच्यामुळे पाटी खरोखर भिंतीवर होती हे कळतं. कडेचे टवके त्यानंतर, चौकटीत झाकले जाणारे असतील तर फार मनाला लावून घेऊ नका. मोकळ्या पार्श्वभूमीवरचा रुपयाच्या नाण्याएवढा टवका नजर खेचतो. आणि चेहऱ्यावरचा, बोधचिन्हावरचा किंवा नावातल्या अक्षरावरचा टवका, मग तो नखाएवढा का असेना, पाटीची गोडी सगळ्यात जास्त कमी करतो. कडेला दहा टवके असलेली पाटी आणि साबणाच्या जाहिरातीतल्या बाईच्या गालावर एकच टवका असलेली पाटी यांत निवड करायची वेळ आली तर पहिली घ्या.

संग्राहक दहापैकी गुण देतात. दोन्ही बाजूंनी वाचता येणाऱ्या, भिंतीला काटकोनात लावायच्या पाटीला प्रत्येक बाजूचे वेगळे गुण: एक बाजू आठ, दुसरी सहा. विक्रेता नुसतंच 'आठ' म्हणाला तर कुठली बाजू ते विचारा. अशा पाटीची दुमडलेली पट्टी नीट पाहा. पाणी तिथेच साचतं.

वयामुळे सूट किती द्यायची?

जितकी पाटी जुनी आणि दुर्मीळ, तितकं नुकसान चालवून घेता येतं. वय पाटीवरच लिहिलेलं असतं, फक्त वाचायला हवं. किंमत आण्यांत असेल तर पाटी बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. बर्मा-शेल या पेट्रोल कंपनीची पाटी १९२८ च्या आधीची असू शकत नाही, आणि १९७६ साली कंपनी सरकारने ताब्यात घेतली. डालडा बाजारात आला १९३७ साली. मराठी पाटीवर 'येथें', 'नांव', 'पांच' असे अनुस्वार असतील तर ती १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची असण्याची शक्यता मोठी. खात्री नव्हे, कारण जुन्या वळणाचे रंगारी आणि व्यापारी पुढेही तसंच लिहीत राहिले.

मराठी अक्षरांच्या इनॅमल पाटीला तर जरा जास्तच मोकळीक द्यावी. मोठ्या कंपन्यांची इंग्रजी पाटी देशभर लागायची, मराठी पाटी मराठी मुलखापुरती. तिची दुसरी, चांगली प्रत मिळेल या आशेवर थांबलात तर ही पण हातची जाते.

नकली आणि रंगवलेली

नवीन इनॅमल पाट्या जुन्या म्हणून विकल्या जातात आणि 'जुनेपणा' मुद्दाम केलेला असतो. इथे भोकं फार बोलकी असतात. मूळ पाटीत भोक आधी पाडून मग काच भाजलेली असल्यामुळे काच भोकाच्या काठावरून आत वळते. भोकाची कड धारदार, आत सगळीकडे उघडा पत्रा आणि बाहेर खिळ्याच्या डोक्याचा घासल्याचा मागमूस नाही, असं दिसलं तर भोक नंतरचं. भोकात पितळी रिंग बसवलेली असेल तर आणखी सावध व्हा. टवके सगळे एकाच मापाचे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, चित्र आणि नाव वगळून सोयीच्या जागी असतील तर ते पेचकसाने पाडलेले आहेत. त्यातला गंज एकसारखा नारिंगी असतो, कारण तो पाण्या-मिठाने चार दिवसांत आणलेला. पाठ पाहा: वर्षानुवर्षं भिंतीवर असलेल्या पाटीच्या पाठीवर चुन्याचे डाग, कोळिष्टकं, भिंतीला टेकलेल्या भागाचा वेगळा रंग असतो. नकली पाटीची पाठ सगळीकडे सारखीच मळलेली असते. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही, दोन्ही पाट्या लोखंडाच्याच.

रंगाने केलेली दुरुस्ती शोधायला चार गोष्टी करा.

१. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवा, नोटा तपासायचा चालतो. नंतर लावलेला रंग बहुतेकदा भोवतालच्या काचेपेक्षा वेगळा चमकतो किंवा काळा पडतो.

२. बोटाच्या पाठीने स्पर्श करा. काच थंड आणि एकसंध लागते, रंग किंचित मऊ.

३. सुईचं टोक हलकंच टेकवा. रंगात रुततं, काचेवरून घसरतं.

४. विक्रेत्याची परवानगी असेल तरच, एका कोपऱ्यात अ‍ॅसिटोनचा ओला कापूस दहा सेकंद धरा. इनॅमलला काही होत नाही, वरचा रंग कापसाला लागतो. ही परीक्षा छापील किंवा हाताने रंगवलेल्या पाटीवर कधीही करू नका, मूळ शाईच निघेल.

दुरुस्ती आढळली म्हणजे पाटी सोडून द्यायची असं नाही. इनॅमलवरचा रंग काढता येतो आणि खाली मूळ टवका जसाच्या तसा मिळतो. पण खाली किती मोठी जखम लपली आहे ते आधी दिसत नाही, तेव्हा वाईटातलं वाईट धरून भाव करा.

विकत घेताना

फोटोवरून घेत असाल तर सरळ फोटोने समाधान मानू नका. खिडकीजवळ तिरक्या उजेडातला, पाठीचा, प्रत्येक भोकाचा आणि चारही कडांचा फोटो मागा, फ्लॅश न वापरता. 'टच-अप केलंय का?' हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारा, उत्तर तिथेच राहतं. भंगारवाल्याकडे पाटी दिसली की आधी एवढंच सांगा: "मामा, ही दुमडू नका, खाली टाकू नका, उभी ठेवा." भाव नंतर. सगळ्यात जास्त टवके याच शेवटच्या टप्प्यात उडतात.

शंभर वर्षांहून जुनी पाटी असेल तर ती परदेशी पाठवायचा विचार नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येऊ शकतात आणि त्यांची खासगी निर्यात करता येत नाही.

साफ करताना

चिंच, लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्ल यातलं काहीही नको. पितळेला चालतं ते काचेला चालत नाही. आम्लाने इनॅमलची चमक जाते ती कायमची, पॉलिश करून परत येत नाही. तारेची घासणी, भांड्याची पावडर, पॉलिश पेपरही नको. उद्यमनगरात सँडब्लास्टिंग सहज करून मिळतं. यंत्राच्या सुट्या भागांना ते उत्तम, पाटीला मरण.

हातमोजे आणि मास्क घाला, जुन्या रंगात शिसं असू शकतं. आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा. मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा. कोमट पाण्यात बादलीला चमचाभर सौम्य द्रवसाबण घालून मऊ सुती फडक्याने वरून खाली पुसत या, उचललेल्या कडांपाशी फडकं अडकू देऊ नका. शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. लगेच पुसून भोकं, टवके आणि दुमडलेली पट्टी हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सुकवा. भर उन्हात तापलेल्या पाटीवर गार पाणी ओतू नका. काच आणि लोखंड कमी-जास्त आकसतात आणि तडा जातो.

चुन्याचे शिंतोडे पाण्याने भिजवून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. भिंत रंगवताना पडलेले ऑइलपेंटचे थेंब इनॅमलवर असतील तर थिनर लावलेला कापूस दोन-तीन मिनिटं ठेवून पट्टीने सरकवा, आधी कोपऱ्यात सेंटीमीटरभर जागेवर करून पाहून.

चालू गंजावर शिवणयंत्राचं तेल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी काडीने फक्त सुटी पूड काढा. लोखंड चमकेपर्यंत खरवडायचं नाही. तेल स्पिरिटने पुसून घ्या आणि उघड्या लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. ते न मिळाल्यास घासणारे कण नसलेलं गाडीचं मेण चालेल. पाटीच्या पाठीलाही मेण लावा. पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी एकदा एवढं पुरे.

छापील पत्रा पाण्यात घालू नका. फिल्टरच्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं, बस. शाईतून पुटकुळ्यांसारखे ठिपके वर आले असतील तर खालून गंज फुटतोय. ते दाबले की शाईसकट निघतात, म्हणून हातच लावू नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या पाट्या अजूनही बाजारात येतात. वाळलेला गाळ कोरडा पुसला की त्यातली रेती काच ओरखडते. आधी फवाऱ्याने भिजवा, मऊ होऊ द्या, मग वाहत्या पाण्याखाली सोडवा. मागची लाकडी चौकट असेल तर ती काढून तपासा, ओल तिथेच मुरलेली असते.

वाकलेली इनॅमल पाटी सरळ करू नका. पत्रा सरळ होईल, काच उडेल. छापील पत्र्याचा पोचा मात्र मागून फडकं ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू बसवता येतो.

भिंतीवर लावताना

मूळ भोकंच वापरा, नवीन पाडू नका. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू घ्या. पुढून आणि मागून रबर किंवा नायलॉनचा वॉशर द्या आणि स्क्रू हाताने पिळून थांबवा. पाटी किंचित हलली तरी चालेल, ड्रिलने आवळली की भोकापाशी नवा टवका ठरलेला. भिंत आणि पाटीत १० ते १५ मिलिमीटर जागा सुटेल असे लाकडी ठोकळे मागे घाला, म्हणजे पावसाळ्यात हवा खेळते. नवीन गिलाव्याची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि फोडणीचा धूर येणारी जागा टाळा. छापील पत्र्यावर थेट ऊन येऊ देऊ नका, त्याची शाई उडते.

ठेवून द्यायची तर उभी, दोन पाट्यांमध्ये सुती कापड किंवा फेल्ट घालून. प्लास्टिकमध्ये बंद करू नका, आत घाम धरतो. ट्रॅव्हल्सने पार्सल करताना दोन्ही बाजूंना पाटीपेक्षा इंचभर मोठं प्लायवूड, कोपऱ्यांना पुठ्ठा, आणि दोरी प्लायवूडवरून बांधलेली. पाटी आत लवता कामा नये.